अकरा चिठ्ठ्यांचा तपास

ती घटना मी अजून विसरलेलो नाही. साकोली तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. एकोडीपलीकडच्या एका गावातली उपकेंद्राची सिस्टर सकाळीच तक्रार घेऊन आली. सरकारी मोहिमेत गावातल्या तिशीपुढच्या बायकांची स्तनाच्या कर्करोगाची तपासणी झाली होती. गाठीचा संशय आलेल्या अकरा जणींना जिल्हा रुग्णालयात पाठवायचं होतं. त्यांच्या चिठ्ठ्या आणि यादी डॉक्टरांनी लिफाफ्यात बंद करून ठेवली होती; त्या अकरा जणी कोण, हे गावात अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. तो लिफाफाच गायब होता.

"डॉक्टर नागपूरचे, त्याईले नावं आठवत नाईत. दुसरं शिबिर कधी लागन, काय माहीत. तोवर त्या अकरा जणी घरीच बसून राहतीन, साहेब," सिस्टर रडकुंडीला आली होती.

पंचनामा केला. उपकेंद्राचं कुलूप शाबूत होतं, म्हणजे काम आतल्याच माणसाचं. समोरच्या चहावाल्यानं हळूच सांगितलं, सिस्टर जेवायला गेली तेव्हा थोरली आशा सेविका एकटीच आत शिरली होती.

गावात दोन आशा सेविका, सख्ख्या जावा. आधी सारं गाव थोरली एकटी सांभाळायची. मग दुसरी जागा निघाली, धाकटी लागली आणि थोरलीच्या घरासकट अर्धं गाव तिच्याकडे गेलं. या मोहिमेत सगळ्यांत जास्त बायका धाकटीनं आणल्या. तालुक्याला तिचा सत्कार झाला.

थोरलीला चौकशीला बसवलं. महिला शिपाई तासभर विचारत होती, ही "मले नाई माहीत" सोडून काही बोलेना. मग मी सत्काराचा विषय काढला. शाल कोणत्या रंगाची, फोटोत धाकटी कितवी उभी, तालुक्याचे साहेब तिच्याशी किती वेळ बोलले, सगळं पाठ! मला लगेच उमगलं. माझ्या बॅचचा एक जण तेव्हा नुकताच उपअधीक्षक झाला होता. पेपरातला त्याचा फोटो मी असाच दहादा निरखला होता.

"ताई, पंधरा वर्षं तुम्ही राबलात आणि हार तिच्या गळ्यात. मीही जळलो असतो," मी म्हणालो.

ती हमसून रडली. "तिच्या बाया दवाखान्यात गेल्याच नाई तर तिचं काम अर्धवट दिसते, म्हणून नेला. धानाच्या कोठीत हाये."

"उघडून पाहिला?"

"कायले पाहू? तिच्याच बाया त्या."

तिच्या घरी पंचांसमोर लिफाफा फोडला. सिस्टर चिठ्ठ्या चाळत सातवीवर थांबली आणि ती माझ्या हातात दिली. शिबिरात बायका लाजतात, म्हणून आशा स्वतः आधी पडद्यामागे जातात. थोरलीही गेली होती. चिठ्ठी तिच्या नावाची होती.

मी ती तिला दिली. तिनं आपलं नाव दोनदा वाचलं. दाराशी जमलेल्या गर्दीतून धाकटी धावत आली. "जाऊबाई, भिऊ नका. उद्या मीच नेतो तुमाले भंडाऱ्याले."

जबाबासाठी ठाण्यावर नेताना जीपमध्ये मी थोरलीला धीर दिला. लवकर कळलंय, बऱ्या व्हाल, म्हणालो. ती बाहेर पाहत म्हणाली, "मले वाचवलं म्हणून आताही तिचंच नाव होईन ना, साहेब?"

गुन्हा मी नियमाप्रमाणे नोंदवला. मरणाची चाहूल लागली की माणूस बाकी सगळं विसरतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. त्या बाईनं माझा तो समज मोडला. तिला दटावायचं मनात आलं खरं, पण पेपरातला तो फोटो आठवला. तिच्या जागी मीही तेच विचारलं असतं.