अननसाचा वास

बहात्तरच्या सुमारास भिंगारच्या बाजारात एक सरबतवाला गाडा लावायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. साखरेच्या पिवळ्या पाण्यात तो बाटलीतल्या एसेन्सचे थेंब टाकायचा आणि त्याला अननसाचं सरबत म्हणायचा. पेला हातात देण्याआधी स्वतःच हुंगून डोळे मिटायचा, जणू बाग त्याच्याच मालकीची होती. आम्ही कचेरीतले कारकून ते रोज प्यायचो. खरा अननस आमच्यापैकी कुणीच पाहिला नव्हता.

एकदा छावणीतला एक मल्याळी जवान सुटीवरून परतताना गावाकडचा अननस घेऊन आला. "असली ये है," म्हणत त्याने तो गाड्यावरच चिरला आणि सगळ्यांना फोडी वाटल्या.

सरबतवाल्याने फोड हुंगली, चावली आणि तोंड वाकडं केलं. "ह्याला वासच न्हाई. तुमाला कुनीतरी फसिवलं, सायेब." त्याला जवानाची खरोखरच कीव आली होती.

मीही फोड खाल्ली. आंबट लागली, जिभेला चरचरली. आमचे हेडक्लार्क गंभीरपणे म्हणाले, "बरोबर आहे त्याचं." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

जवानाने उरलेला अननस कागदात गुंडाळला. आम्ही मात्र तोंडातली ती चव जावी म्हणून एकेक पेला सरबत मागवलं.