अ गटातली हळद

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलेलं. गुडघे बोलायला लागलेले, पण आवाज शाबूत होता आणि कबड्डी क्लबचा अध्यक्ष मीच होतो. दुसऱ्या कोणाला व्हायचं असतं तर मला सांगावं लागलं असतं, आणि तेवढी हिंमत गावात कोणाकडे नव्हती.

शाळा मी तिसरीतून सोडली. कोलशेतच्या मिठागरात बापाबरोबर मीठ ओढायला गेलो ते गेलोच. क्लब आम्ही मिठागरवाल्या पोरांनी काढला. आमच्या जिल्ह्यात क्लबांचे तीन गट, अ, ब आणि क. ब मध्ये पहिला आला तो वर अ मध्ये चढतो, अ मध्ये शेवटचा आला तो खाली ब मध्ये उतरतो. आम्ही क मधून सुरुवात केली आणि अ मध्ये पोचेपर्यंत माझे केस पांढरे झाले. ज्या दिवशी पोचलो त्या दिवशी नौपाड्यातल्या पेंटरकडून पत्र्याची पाटी रंगवून आणली. वर क्लबचं नाव, खाली मोठ्या अक्षरात ‘अ गट’. क्लबच्या खोलीच्या दारावर ठोकली. येणारा जाणारा वाचतो की नाही ते मी ओट्यावर बसून बघायचो.

खेळणारी सगळी गावातली पोरं. कोण बँकेत, कोण डंपरवर, एक तर खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पैसा कोणी घेत नाही, बाहेरचा खेळाडू आम्ही आणत नाही. समोरचे आणतात, आणू देत.

त्या वर्षी गाडी घसरली. अ गटात खाली आम्ही आणि डोंबिवलीच्या पलीकडच्या गावचा क्लब, दोघे सारखे. संघटनेने कल्याणच्या बैठकीत ठरवलं, दोघांची एक मॅच, जिंकेल तो अ मध्ये, हरेल तो ब मध्ये. रविवार, संध्याकाळी पाच, त्यांच्या मैदानावर.

त्याच रविवारी आमच्या घरात हळद होती. माझ्या थोरल्या भावाच्या नातवाची. पोराचा बाप लवकर गेला, म्हणून लग्नाची बोलणी मीच केलेली, तारीखही मीच घेतलेली. आपण तळाला जाऊ आणि अशी मॅच खेळावी लागेल, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. आणि नवरा म्हणजे आमचा सगळ्यात भारी चढाई करणारा गडी. तो नसला तर बाकीचे सहा नुसते उभे राहायला.

वहिनीकडे, म्हणजे पोराच्या आजीकडे गेलो. ती मांडवाखाली तांदूळ निवडत बसलेली.

“वयनी, रविवारी पोराला दोन तास सोड गो. डोंबिवलीला जाऊन येतो.”

“बाराला हळद लागेल त्याला. हळदीचा नवरा वेशीबाहेर जात नाय.”

“गाडीतून जाईल, गाडीतून येईल.”

“भावजी, विमानातून गेला तरी वेस ती वेस.” मग सूप आपटून म्हणाली, “तारीख कोणी काढली?”

मी तिथून उठलो. पण मी हट्टाने मोठा झालेला माणूस. ओट्यावर बसून विचार केला. पोरगा वेशीबाहेर जात नाही ना, मग मॅच वेशीच्या आत आणू. मैदान दोन्ही क्लबांच्या संमतीने बदलता येतं. आणि समोरच्या क्लबचा अध्यक्ष कोण, तर आमचा होणारा व्याही, नवरीचा बाप.

फोन लावला.

“व्याही, तुमच्या जावयाची हळद मोडायची आहे का?”

तो घाबरला. “काय झालं?”

सगळं सांगितलं. तो हसला. “तुमच्या मातीवर हरवायला येऊ म्हणता? येतो, पोरीची हळद दुपारी उरकली की निघतो. पण जेवण हळदीचंच पाहिजे, मॅचचा वडापाव नको.”

रविवारी ते दोन गाड्या भरून आले. त्यांच्या संघात नवरीचे दोन सख्खे भाऊ. आमच्या मैदानाच्या एका अंगाला मांडव, दुसऱ्या अंगाला नव्या टॉवरच्या गॅलऱ्या. बँजोवाल्याला मी सांगून ठेवलं, मॅच संपेपर्यंत वाजवायचं नाही. त्याने ऐकलं नाही, तो भाग वेगळा.

नवरा मैदानात उतरला. चड्डी-बनियन आणि डोक्यापासून पायापर्यंत पिवळा. सगळे हसले, मीही हसलो. मोठा मेव्हणा ओरडला, “दाजी, पकडू कुठे, हाताला रंग लागेल.”

पंच मात्र हसला नाही. तो पुढे आला, नवऱ्याच्या दंडावरून बोट फिरवलं आणि ते बोट मला दाखवलं.

“तेल आहे, आजोबा.”

आमच्याकडे हळद तेलात कालवतात. आणि अंगाला तेल लावून कबड्डी खेळता येत नाही, पकड सुटते, हे मी पन्नास वर्षं पोरांना शिकवलेलं. वेशीचा बंदोबस्त केला आणि तेल विसरलो.

कोणीतरी म्हणालं, साबणाने धुऊ. वहिनी मांडवातून नुसती बघत होती. ते बघणं पुरेसं होतं. हळद उतरते ती लग्नाच्या सकाळच्या आंघोळीला, त्याच्या आधी नाही.

तेवढ्यात व्याही पुढे आला. “खेळू दे त्याला. आमची काही हरकत नाय.”

पंच म्हणाला, “समोरच्यांची हरकत नसेल तर बघू. आजोबा, तुम्ही बोला.”

सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. नवरा म्हणाला, “आजा, हो म्हण ना.”

व्याही मनाने मोठा. हरला तर त्याचाही अ गट जाणार होता, तरी बोलला. पण मला ते घशाखाली उतरेना. सोयरिकीच्या मेहरबानीवर अ मध्ये राहायचं आणि रोज ती पाटी बघायची? उद्या कोण तेल लावून आला तर त्याला कुठल्या तोंडाने बाहेर काढू?

“नाही,” मी म्हणालो. “त्याला खुर्ची द्या.”

नवरा रेषेबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला आणि तिथून इतका ओरडला की पंचाने त्याला दोनदा दम दिला. पोरं जिवाने खेळली. डेपोतल्या मेकॅनिकने तर थोरल्या मेव्हण्याला असा उचलून आपटला की मांडवातल्या बायकाही उभ्या राहिल्या. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने मागे. आमचा पोरगा आत गेला, हात लावला, परतताना त्यांनी धरला, तरी मध्यरेषेकडे झेपावला. बोटं रेषेला वीतभर कमी पडली.

संपलं. बँजो आता खुशाल वाजत होता.

व्याही माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मीच म्हणालो, “चला, मटण निवतंय.”

जेवताना धाकटा मेव्हणा नवऱ्याला म्हणाला, “दाजी, ब मध्ये तब्येतीला हवा चांगली असते म्हणे.”

नवरा म्हणाला, “वर्षभर खाऊन येतो ती हवा. मग तुम्हाला पाठवतो.”

वहिनीने माझ्या पानात न विचारता वाढलं. म्हणाली, “भावजी, खुर्ची दिली ते बरं केलं.” एवढंच. तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याची आंघोळ चालू होती तेव्हा मी क्लबच्या खोलीवर गेलो. पाटी उतरवली. दुसऱ्या कोणी उतरवली असती तर मला चाललं नसतं. लग्नासाठी घराला काढलेला गुलाबी रंग डब्यात थोडा उरलेला. अ खरवडला आणि त्या जागी ब काढला, जरा वाकडा आला. पाटी उन्हाला लावली, रॉकेलने हात पुसले आणि वऱ्हाडाच्या बसमध्ये पुढच्या सीटवर जाऊन बसलो.