जपानपाशी अडलेले रंगनाथराव

रंगनाथराव समोरून येताना दिसले की इंदिरानगरातली माणसं गल्ली बदलायची, खोटं कशाला बोलू! अंबडच्या कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग करण्यात उभी हयात गेली, आणि निवृत्तीनंतर एकच वेड लागलं: धूर न ओकणाऱ्या गाड्यांसाठी कोणता देश काय करतो? मग पेपरवाला सापडो की दूधवाला. "कॅलिफोर्नियानं कायदा केला, कंपन्यांनी ओरड केली, लगेच ढिला सोडला! जपानात सरकार, कारखाना अन् कॉलेज एका पंगतीला बसतात. आपल्याकडे? ज्याचं त्याचं पान वेगळं!"

बायको वत्सलाबाई होत्या तोवर मेथी निवडता निवडता हूं हूं करायच्या. त्या गेल्या आणि घर नुसतं खायला उठलं. मुलगा अमोल पुण्याहून फोनवर म्हणायचा, "बाबा, हे सगळं इंटरनेटवर असतं हो."

अशात २००४ साली ज्येष्ठ नागरिक मंडळानं त्यांना व्याख्यानाला बोलावलं, आणि तेही याच विषयावर! माणूस हरखून गेला. कुणीतरी आपलं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं, एवढीच काय ती हाव होती. सदऱ्याला स्वतः इस्त्री केली, आरशासमोर उभं राहून भाषणातला जर्मनीचा भाग दोनदा म्हणून पाहिला.

पण मंडळाच्या चिटणीसांना देवळाली कॅम्पची बस गाठायची होती. म्हणून त्या शहाण्या माणसानं पाहुण्यांची ओळख करून दिली आणि त्याच दमात आभारही मानून टाकले! आता आभार झाल्यावर कोण बसतंय? लोक उठले ते थेट मागच्या बटाटेवड्यांकडे. चिटणीस तर कधीच फाटकाबाहेर. वडे संपले तशी माणसंही पांगली.

रंगनाथराव माइकपाशी तसेच उभे. कुणी साधं विचारलंसुद्धा नाही, हेच त्यांना फार लागलं. मंडपवाला पुंजा खुर्च्या एकात एक घालत होता. त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, एक खुर्ची ओढून तो समोर येऊन बसला.

"बोला सायेब. टेम्पो यायला लय येळ हाय. मी ऐकतो ना."

रंगनाथरावांनी घसा खाकरला. "जपानमध्ये..." म्हणाले आणि थांबले. पुन्हा "जपानमध्ये..." म्हणाले. पुंजा मान वर करून वाट बघत होता.

ते त्याच्या शेजारी येऊन बसले. "अरे बाबा," ते म्हणाले, "घरी बोलायला कुणीच नाही रे मला."