थाव्रीचा हलकासा धक्का

थाव्रीचं काम माणसांना ढकलण्याचं होतं. कंबोडियातल्या बात्तांबांगच्या कृत्रिम पायांच्या दवाखान्यात कुणी नवा पाय बसवून आला, की त्याला हात न टेकता खुर्चीतून उठायला लावायचं, जागच्या जागी वळवायचं, जमिनीवरची वस्तू उचलायला सांगायची, आडव्या दांडीवरून पलीकडे न्यायचं आणि शेवटी बोटांनी छातीवर हलकासा धक्का द्यायचा. उभा राहिला तर पूर्ण गुण. मागे थांबलेल्या मदतनीस दारिथच्या हातांत पडला तर भोपळा. त्या गुणांवर ठरायचं, की गड्याने काठी धरून घरातच फिरायचं का बिनधास्त रस्त्याला लागायचं. थाव्रीचा स्वतःचा डावा पाय गुडघ्याखाली रबराचा होता. त्यामुळे ‘तुम्हाला काय कळणार आमचं दुखणं’ असं म्हणण्याची सोय कुणालाच नव्हती.

तिने निवृत्त सुभेदार ढकलले होते, मासळीवाल्या ढकलल्या होत्या, एकदा तर जिल्ह्याचा साहेबसुद्धा ढकलला होता. भिक्खू आले तर मात्र हे काम दारिथकडे जायचं. बाईने भिक्खूला हात लावणंच पाप, तिथे ढकलणं तर फारच झालं. पण एवढ्या छात्या होऊनही तिला हवी होती ती एकच छाती आजवर आली नव्हती. ती होती ओम सावानची.

ओम सावान म्हणजे तिच्या वडिलांचा थोरला चुलतभाऊ, आणि ‘ओम’ म्हणजे त्यांच्याकडे थोरला काका. गावात कुणाचंही लग्न असो, नवऱ्याकडची फळांची तबकं घेऊन निघणारी वरात तोच लावायचा. जोडीजोडीने माणसं, उंचीला उंची, साडीला साडी नाही तरी रेशमाला रेशीम, आणि तबकं अशी समपातळीत, की वर मुंगी सोडली तर तिला चढ लागू नये. थाव्रीच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं तेव्हा शेतातल्या सुरुंगाने तिचा पाय जाऊन फार काळ झाला नव्हता. नवा पाय मिळाल्यापासून ती अंगणात तबकात पाण्याचे पेले ठेवून चालण्याचा सराव करत होती. वरातीच्या सकाळी केसांत फूल माळून ती रांगेत उभी राहिली, तर ओम सावानने अख्ख्या गल्लीदेखत तिच्या हातातलं तबक काढून घेतलं.

“पोरी, एक लंगडला की सगळी वरात लंगडते,” तो म्हणाला. “तू गाडीत बस.”

गाडी म्हणजे हातगाडी. तिच्यात भाजलेलं अख्खं डुक्कर होतं. नवऱ्याची सख्खी बहीण त्या डुकराचे कान धरून लग्नाला पोहोचली. पुढे कित्येक वर्षं गाव तिला ‘डुकराची करवली’ म्हणत होतं. लोक हसून विसरले. थाव्री हसलीही नाही आणि विसरलीही नाही. तिने तो डूख लोणच्यासारखा मुरत ठेवला.

आणि एके दिवशी मधुमेहाने पाय गेलेला ओम सावान नवा पाय बसवून चाकाच्या खुर्चीतून तिच्या दालनात आला. मागून खुर्ची ढकलत बायको चांथा, हातात ताडगुळाच्या मिठाईचा पुडा.

“थाव्री, बाई, नातवाचं लग्न आलंय,” चांथा म्हणाली. “वरातीत आमची जोडी सगळ्यांत पुढे असणार. मी यांच्यासाठी नेसायचं रेशमी सोंपोत विणायला टाकलंय. तेवढं चालायचं बघ.”

ओम सावान छताकडे बघत होता.

थाव्रीच्या बोटांना मुंग्या आल्या. जरा जोर लावला तर कोण मोजणार होतं? म्हातारा दारिथच्या हातांत आडवा, गुण शून्य, वरात बंद. तिने त्याला नव्या पायावर उभं केलं, समोर आली आणि हात पुढे नेला.

बोटं छातीला लागण्याआधीच म्हातारा मागे कोसळला.

दारिथने त्याला झेलला. “अरे देवा,” ओम सावान कण्हला. “माझ्याच्याने नाही होत. लिही, घरातल्या घरात.”

थाव्रीचा हात अजून हवेतच होता. खरा पडणारा माणूस कसा पडतो ते तिला पाठ होतं. तो हात फेकतो, समोरच्याची बाही धरतो, शिवी देतो. हा तर दुपारी गादीवर लवंडावं तसा पडला होता. म्हणजे याला पडायचंच होतं! नातवाच्या वरातीत सगळ्यांत पुढे, अख्ख्या गावासमोर लंगडत जाण्यापेक्षा याला घरी बसण्याचा दाखला हवा होता.

तिच्या पोटात इतका गार आनंद उतरला, की तिने आधी मिठाईचा एक तुकडा तोंडात टाकला.

“बसा ओम, दमलात,” ती गोड आवाजात म्हणाली. “नाहीतरी वरात आता बुन्ना लावतो. झकास लावतो हं.”

“कोण, तो बदकवाला?”

“परवा बघितली ना मी. जोड्या नाहीत, काही नाही. ज्याला जसं हवं तसं. एकाने तर तबक डोक्यावर घेतलं होतं.”

“डोक्यावर?” ओम सावान हात न टेकता खुर्चीतून उठला. दारिथने हळूच गुण लिहिला.

“आणि मधेच सगळे उलटे फिरले, कुणाची तरी चप्पल राहिली म्हणून.”

“वरात उलटी फिरत नाही! वळायचं झालं तर असं, जागच्या जागी,” म्हणत तो गर्रकन वळला. त्याच्या गळ्यातला चौकड्यांचा क्रामा खाली पडला. बोलता बोलता त्याने तो वाकून उचलला आणि झटकून खांद्यावर टाकला. “रांग म्हणजे काय बदकं आहेत? पुढच्याने पाऊल उचललं की मागच्याने,” आणि दाखवण्याच्या भरात तो दांडीवरून पलीकडे गेलासुद्धा.

थाव्री आडवी आली आणि तिने छातीवर धक्का दिला. नियमात बसेल तेवढाच, पण त्यात कसलीही कसर नव्हती. म्हातारा ताडाच्या झाडासारखा उभा राहिला.

“मधे मधे करू नकोस, मी सांगतोय,” तो म्हणाला, आणि मग त्याने खाली स्वतःच्या पायांकडे बघितलं.

“पूर्ण गुण,” दारिथ म्हणाला.

चांथाने आनंदाने टाळ्या पिटल्या आणि सोंपोतच्या रंगाविषयी विणकरणीला फोन लावायला बाहेर पळाली. ओम सावान थाव्रीच्या कानाशी आला.

“पोरी, कमी लिही. सगळा गाव बघेल गं.”

“बघू दे.”

“मी म्हातारा माणूस. हातगाडीत बसेन हवं तर.”

“हातगाडीत जागा नाही ओम,” थाव्री म्हणाली. “उद्यापासून रोज सरावाला या. नाही आलात तर मी घरी येऊन ढकलीन.”

लग्नापर्यंत तिने त्याला रोज ढकललं. पुढून, मागून, बाजूने, पाणी पिताना, शिव्या देताना. वर पावलापावलाला ‘टाच आधी, मग बोटं’ असं बजावलं. दारिथला वाटलं बाई किती जीव लावून शिकवते. थाव्रीने त्याचा गैरसमज दूर केला नाही.

वरातीच्या सकाळी ती मुद्दाम बाजारच्या वळणावर, सगळ्यांत जास्त गर्दी होती तिथे जाऊन उभी राहिली. ढोल आला, आणि मागोमाग ओम सावान, जांभळं रेशीम नेसलेला, बायकोच्या जोडीने, मान ताठ आणि चाल एका बाजूला झुकलेली. अख्खी वरात त्याच्या पावलाने डुलत होती. गावाने बघितलं. त्यानेही गावाला बघताना बघितलं. मग त्याची नजर थाव्रीवर पडली.

ती हटली नाही. ढोल क्षणभर थांबला तेवढ्यात ती खणखणीत आवाजात म्हणाली, “ओम, टाच आधी.”

लोक हसले. ओम सावानचे कान त्याच्या सोंपोतसारखे जांभळे झाले. काय करणार, पुढे बाजार पसरला होता, मागे वरात होती. त्याने टाच आधी टेकवली.