युरोपच्या डबीतला नवरदेव

आमच्या दारात युरोपची गाडी उभी हाय, आणि ती घ्यायला मला कोणी जबरदस्ती केली नव्हती.

बोईसरचा एक साहेब बदली होऊन चालला होता, त्याची ही चिमुकली गाडी मी घेतली. चिंचणीत आमचा सुक्या मासळीचा धंदा. गाडीत बोंबलाचे क्रेट मावेनात, म्हणून मी मागची सीट उपटली नि ओटीवर मांडली. (घरात सोफा आला म्हणून बायको खूश. लग्नानंतर पहिल्यांदाच!)

माज्या धाकट्या बहिणीचा, यमूचा, पोरगा प्रशांत अमेरिकेत कामाला. तो सोताच्या लग्नासाठी आला नि माजी गाडी बघून गालात हसला.

"काय रे? तुमच्या अमेरिकेत हाय का असली गाडी?"

"नाय मामा. तिकडे अशा विकतच नाय कोणी."

"विकतील कशी? तुमाला परवडली पायजे ना!"

"उलटं हाय मामा. युरोपात पास झालेली गाडी अमेरिकेत तशीच चालत नाय. नियम वेगळे. परत भिंतीवर आपटून बघायची, दिवे बदलायचे, धूर तपासायचा. गाडी छोटी असो की मोठी, हा खर्च जवळपास तेवढाच. मग छोटीत कंपनीला सुटतं काय? त्यात पेट्रोल युरोपापेक्षा स्वस्त, रस्ते रुंद. लोकांना हत्तीएवढी गाडी लागते."

हे मात्र मला चटकन कळलं. ताज्या मासळीचं तेच. बर्फ तेवढाच, टेम्पो तेवढाच, मंग लांबच्या बाजारात बोटभर, स्वस्त मांदेली कशाला न्यायची? पापलेटच नेणार ना! पण कळलं म्हणून गप बसेन तर मी कसला?

"हत्ती ऱ्हाऊ दे तिकडंच!" मी म्हटलं. "तुला मांडवात मी ह्याच गाडीनं नेणार!" आणि यमूनं ठरवलेली मोठी गाडी फोन करून रद्द केली.

"दादा, मुहूर्त चुकला तर?" यमू म्हणाली.

तिचं खरं होतं. नवरीचा बाप साताऱ्याकडचा, बोईसरला कारखान्यात कामाला. भोंग्यावर जगलेला माणूस! त्यानं आधीच बजावलं होतं, "मामा, दुपारची वेळ टळली की हॉल दुसऱ्याचा. मग लगीन काय रस्त्यावर लावायचं?"

लग्नाच्या दिवशी गाडीला हार घातले, दार उघडलं, नि आठवलं. मागं सीटच नाय! ओटीवर धावलो, तर सीटवर माजी सासू बसलेली. बसलेली म्हंजे घोरत होती. तिला उठवण्यापेक्षा मुहूर्त चुकलेला परवडला.

यमू शालू सावरत मागं उपड्या क्रेटवर बसली.

"दादा, वास येतोय!"

"अत्तर मार!"

तिनं अख्खी बाटली मारली. मंग अत्तर लावलेल्या बोंबलाचा वास आला.

पुढं प्रशांत. गुडघे हनुवटीला, फेटा छताला, मान वाकडी. रस्त्यातल्या लोकांना वाटलं, नवरदेव लाजतोय.

हॉलपाशी पोचलो. बँड सुरू, नवरीची आई ताट घेऊन उभी. पण प्रशांतचं दार उघडेना! मी बाहेरनं खेचलं. दार नाय आलं, मूठच हातात आली.

"मामा, काय चाललंय?" नवरीचा बाप धावत आला. "भटजी खोळंबल्यात!"

"काय नाय, जरा हवा खातोय तो."

मंग त्याला माज्या बाजूनं काढायला गेलो. शेरवानी गिअरच्या दांड्यात अडकली नि त्याचं पोट हॉर्नवर टेकलं. हॉर्न थांबेना! बँडवाल्यांना वाटलं आमची फर्माईश हाय, त्यांनी चाल बदलून त्याच्यावर ताल धरला. वऱ्हाडी नाचायला लागले!

"दादा," मागनं यमू रडत म्हणाली, "माज्या पोराचं लगीन मोडलंस रे!"

तेव्हा मात्र मी धावत गेलो, डिकी उघडली. क्रेट काढतो तशी पहिली यमू काढली.

"प्रशांत, सीट मागं पाड! उताणा हो!"

मधी सीट नव्हती म्हणून वाट मोकळी. मी एका काखेत हात घातला, नवरीच्या बापानं दुसऱ्या, नि ओढला. आधी फेटा आला, मंग नवरदेव. नवरीची आई ताट घेऊन पळत मागं आली नि तिनं त्याला डिकीपाशीच ओवाळलं.

अक्षता वेळेत पडल्या! मी असा सुस्कारा सोडला की भटजीनं वळून बघितलं. हार घालताना नवरीनं एकदा नाक मुरडलं, पण हार प्रशांतच्याच गळ्यात घातला. यमू तर हसायला लागली. मला जेवणापेक्षा तेच जास्त गोड लागलं.

जेवणं झाल्यावर नवरीचा बाप आला, हात जोडून. "मामा, पाठवणीला आमी मोठी गाडी सांगितलीया. वाईट वाटून घेऊ नगा."

मी जरा तोंड फुगवलं. "तुमची मर्जी." मंग हळूच म्हटलं, "तिला मागं एक दोरी बांधाल का? माजी चालू होत नाय."

अशी वरात निघाली. पुढं नवरा-नवरी, मागं दोरीला मी. पुलाच्या उतारावर लोकं हात हालवून ओरडायला लागली. म्हटलं, वा, काय मान हाय मामाला! मीपण ऐटीत हात हालवला.

दोरी कवाच तुटली होती!