आमच्या रिव्हॉल्वरवरचं १८५० साल

घरातल्या एखाद्या पितळी डब्यावर अठराशे अमुक साल कोरलेलं असतं, पण डबा तितका जुना वाटत नाही, हे कोडं तुम्हालाही पडलं असेल. मित्रहो, मला ते आज पारोळ्यात उलगडलं.

आमच्या घराण्यातलं खिशात मावणारं रिव्हॉल्वर वारशाने थोरल्या चुलतभावाकडे गेलं. परवानाही त्याच्याच नावावर आहे. मुठीवर ठिपक्यांत कोरलेलं ‘१८५०’ दाखवून तो पाहुण्यांना सत्तावन्नच्या बंडाचा हवाला देत सांगतो, “बंडना येळनं शे हाई! बठ्ठा गावले माहीत शे.” कबूल करतो, आज मी भिंग घेऊन गेलो तो त्याचा तोरा उतरवायलाच.

रिकामं रिव्हॉल्वर उघडून मी समजावलं, “भाऊ, त्या काळी दारू आणि गोळी पुढून भरत. यात पितळी काडतूस मागून बसतं. हे इतकं जुनं असूच शकत नाही.”

भाऊचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं.

तेवढ्यात त्याच्या आईने, आमच्या अक्काने, डाळीचा डबा पुढे ठेवला. त्यावर आमच्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, नावाखाली तशाच ठिपक्यांत कोरलं होतं : शके १८५०. शकात अठ्ठ्याहत्तर मिळवले की इसवी सन १९२८.

“मंग हाई आपला आबानंच शे!” भाऊने रिव्हॉल्वर छातीशी धरलं.

बंडातलं रिव्हॉल्वर त्याच्याकडे असणं मी सोसलं असतं. आबांचं सोसवत नाही.

तुमच्या डब्यावरच्या सालातही अठ्ठ्याहत्तर मिळवून पाहा. येणारं साल घरातल्या कोणाच्या हयातीत बसतं?