फाडूबाईच्या तेहतीस चादरी

इस्पितळाच्या धुलाईखान्यातलं मोठं मशीन बावीस वर्षं एकाच बाईच्या हाताखाली होतं. चादर नुसती चिमटीत धरली, की ती अजून किती धुणी काढेल हे ती सांगायची. अशा बाईचं मुकादमानं भिंतीवरच्या फळ्यावर काय लिहावं? ‘फाडूबाई – ३३’. तीन महिन्यांत फाटलेल्या चादरी. खाली लहान मशीनवाल्याच्या बारा. वर हुकूम, की सोमवारपासून हिनं मशीन सोडायचं आणि रक्तामुताचे कपडे निवडायला बसायचं.

बाईचं डोकं असं सणकलं, की पायातली चप्पल न काढताच ती घरात शिरली.

“तेहतीस कुठं नि बारा कुठं, म्हणतो मेला! अगं, तीन गाठोड्यांतली दोन माझंच मशीन गिळतं!”

तिच्याकडे राहून भाची संख्याशास्त्र शिकत होती. तिनं वही ओढली.

“मावशी, बस आधी. फाटल्या एकूण पंचेचाळीस. दोन हिस्से धुणं तुझं, तर तुझ्या वाटणीला तीस याव्यात, त्याच्या पंधरा. फरक दोन्हीकडे तीनचा. तिनाचा वर्ग नऊ. नऊला तिसानं भाग, नऊला पंधरानं भाग, बेरीज शून्य पूर्णांक नऊ. ही काय-स्क्वेअर चाचणी. उत्तर कोष्टकातल्या ३.८४च्या वर गेलं तरच संशय घ्यायचा.”

“म्हणजे सुटले मी!”

“तसं नाही गं. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो, इतकंच कळतं. तू निर्दोष आहेस असं चाचणी म्हणत नाही.”

“वा! माझ्या घरात बसून तूही मुकादमाचीच?” मावशीनं वही आपटली. चहा पार निवला तरी ती धुमसतच होती. मग म्हणाली, “ते शेवटचं पुन्हा सांग.”

सकाळी तिनं भाचीच्या हिशेबाचा कागद मुकादमापुढे ठेवला. त्यानं तो उलटासुलटा केला, आकडे दोनदा वाचले आणि हसला. “यात तू निर्दोष आहेस असं कुठं लिहिलंय?”

“नाहीच लिहिलेलं. पण मी फाडते असं म्हणायला तुमच्याकडे तरी काय आहे? नुसता खडू?”

मशीनं बंद नव्हती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. मुकादम फळ्याकडे वळला आणि पुसायला काही सापडेना म्हणून चाचपडू लागला.

बाईनं कमरेचं फडकं काढून त्याच्या हातात कोंबलं. फाटक्या चादरीचंच होतं.